पदरची वाक्यं

विनोदी नाटकाचं कूळ मी पुष्कळ वर्षं एकाच ठेक्यात सांगत आलो. अथेन्सचा मिनँडर, त्याच्या नाटकांवरून आपली नाटकं रचणारे रोमचे प्लॉटस आणि टेरेन्स, त्यांच्या वळणावरचा फ्रान्सचा मोलिएर, आणि मोलिएरवरून इंग्लंडमार्गे आपले गोविंद बल्लाळ देवल. शेवटचा दुवा तर अगदी पक्का. देवलांनी आर्थर मर्फीचं इंग्रजी नाटक घेतलं, आणि मर्फीने मोलिएरचं ‘स्गानारेल’ घेतलं होतं. देवलांचं ते आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाचं गद्य नाटक होतं, १९१६ मध्ये पदं घालून ‘संशयकल्लोळ’ झालं. पुढे अत्रे, मग पु. ल. वंशावळ कशी स्वच्छ, परीटघडीची.

या वंशावळीत तमाशातली बतावणी नव्हती. शिमगा नव्हता, कोकणातला संकासूर नव्हता. ॲरिस्टोफनीस होता, पण घरात एखादा हुशार पण तोंडाचा फाटका काका असतो, पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत बसवतात, तसा. त्याची अकरा नाटकं शिल्लक आहेत हे मी सांगत असे, त्यांत अश्लीलता भरपूर आहे हेही सांगत असे, आणि ‘कालांतराने विनोद सुसंस्कृत होत गेला’ या वाक्यावर तास संपवत असे. ते वाक्य मला फार आवडायचं.

एकांकिका स्पर्धांना परीक्षक म्हणून बसू लागलो तेव्हा या मताला गुणपत्रिकेचं बळ आलं. एखाद्या नटाने संहितेत नसलेलं वाक्य घातलं, म्हणजे ज्याला नाटकवाले ‘ॲडिशन’ म्हणतात ते केलं, की माझं पेन खाली यायचं. त्यातून ते वाक्य त्या गावच्या नगरसेवकावर किंवा समोर बसलेल्या आयोजकांवर असलं, आणि प्रेक्षागृह उसळलं, तर आणखी एक गुण कमी. ‘हशा पिकवण्यासाठी कथेचा बळी दिला’ असा शेरा मी लिहायचो. विनोद गोष्टीतून यावा, पात्रातून यावा. गोष्ट थांबवून प्रेक्षकाला डोळा मारणं म्हणजे ज्याला नाटक जमत नाही त्याने काढलेली पळवाट, असं माझं प्रामाणिक मत होतं. ते आता राहिलेलं नाही. मत एका दिवसात बदललं असतं तर सांगायला सोपं झालं असतं. ते झिजत गेलं, आणि ते कुठे कुठे झिजलं एवढंच मला सांगता येईल.

पहिली ठेच मिनँडरनेच दिली. माझ्या वंशावळीचा हा मूळपुरुष, आणि त्याचं एकही नाटक शतकानुशतकं कोणाच्या हातात नव्हतं. सुटी वाक्यं होती, तुकडे होते. ‘डिस्कोलस’, म्हणजे तिरसट म्हाताऱ्याचं नाटक, इजिप्तमधल्या पपायरसवर मिळालं आणि छापून आलं ते १९५८ मध्ये. मोलिएरने ते वाचलेलं असण्याचा प्रश्नच नाही, देवलांनी तर नाहीच. ते वाचताना मला वाटलं, नाटक चांगलं आहे, नेटकं आहे. पण यातलं गाव कुठलंही चालेल. श्रीमंत घरचा मुलगा, गरिबाची मुलगी, माणूसघाणा बाप, विहिरीत पडणं, शेवटी लग्न. हे नाटक इ.स.पू. ३१६ मध्ये बक्षीस मिळवून गेलं, आणि तेव्हा अथेन्सवर मॅसिडोनियाच्या मर्जीतला कारभारी राज्य करत होता. शंभर वर्षांपूर्वी ज्या रंगमंचावर राज्यकर्त्याचे वाभाडे काढले जायचे, तिथे आता कोणाचंच नाव निघत नव्हतं. मी ज्याला सुसंस्कृतपणा म्हणत होतो त्याचा काही भाग तोंडाला कुलूप लागल्याचा होता, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. सगळाच नव्हे. मिनँडरची माणसांवर माया होती, ती खोटी नाही. पण ‘कालांतराने सुसंस्कृत होत गेला’ हे वाक्य त्यानंतर मला वर्गात म्हणवेना.

दुसरी गोष्ट वरसाव्यातली. (अंधेरीचं वर्सोवा नव्हे. घोडबंदरच्या अलीकडचं, वसईच्या खाडीवरचं वरसावे. पाहुण्यांना हे दर वेळी सांगावं लागतं.) आम्ही इथे राहायला आलो ते डोंगर आणि खाडी दोन्ही दिसतात म्हणून. पुढे दिसू लागली ती वाहनं. अहमदाबादचा महामार्ग आणि ठाण्याचा घोडबंदर रस्ता इथेच एकमेकांच्या गळ्यात पडतात. २०१३ च्या अखेरीस खाडीवरच्या जुन्या पुलाच्या तुळईला तडा गेला, मग अवजड वाहनांना बंदी, मग दुरुस्ती, मग पुन्हा दुरुस्ती. शेजारचा नवा पूल खुला झाला तो २०२३ मध्ये. या काळात आम्ही ठाण्याला गडकरी रंगायतनला नाटकाला म्हणून निघायचो आणि पहिला अंक गायमुखच्या घाटात बसून काढायचो. विनोदी नाटकाचा पहिला अंक चुकला की दुसऱ्यात सगळे का हसताहेत ते कळत नाही. ‘नाटक बेतास बात’ असं मत घेऊन मी घरी येत असे, हेही इथे कबूल करायला हरकत नाही.

त्या वर्षांतल्या एका होळीला मी गावातल्या होळीपाशी उभा होतो. उभा होतो म्हणजे कडेला, हात मागे बांधून, पाहायला आलेल्या माणसासारखा. होळी पेटली, नारळ पडले, पोरांनी तोंडावर हात मारून बोंबा ठोकल्या. मग एक म्हातारा पुढे सरकला. दिवसा हा माणूस कोणाशी बोलत नाही. त्याने एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. पुलाचा ठेकेदार. रात्री डंपर फिरवणारे. भरतीला गटाराचं पाणी घरात घेणारा आणि ओहोटीला मतं मागणारा एक पुढारी. प्रत्येक नावाला घोळक्यातून ‘नावानं’ असा पुकारा, आणि मग बोंब. मधली विशेषणं मी इथे देत नाही. ती छापण्यासारखी नव्हती आणि, मला आता वाटतं, छापण्यासाठी नव्हतीच. पुढारी स्वतः तिथेच उभा होता, अंगावर पांढरा सदरा, आणि हसत होता. हसण्यावाचून त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं. नंतर म्हाताऱ्याने स्वतःच्या सख्ख्या भावाला घेतलं, मग स्वतःला, आणि मग त्याचा हात माझ्याकडे वळला. ठाण्याला नाटक बघायला निघतो आणि नाक्यावरचं बघून परत येतो तो मास्तर! मास्तरच्या नावानं!

मी इतका हसलो की चष्मा काढावा लागला. घरी येताना मनात आलं, यातली गोष्ट कुठे होती? कथानक शून्य. पात्र एकच, आणि तेही पात्र नव्हे. संहिता नाही. माझ्या गुणपत्रिकेत याला भोपळाच मिळाला असता.

यानंतर ॲरिस्टोफनीसचं ‘अकार्नियन्स’ पुन्हा वाचायला घेतलं, ते मला वेगळं दिसू लागलं. हे नाटक इ.स.पू. ४२५ चं, म्हणजे जी विनोदी नाटकं अख्खी उरली त्यांतलं सगळ्यांत जुनं. लिहिणारा विशीतला पोरगा. स्पार्टाशी युद्धाचं सहावं वर्ष. खेड्यापाड्यांतले शेतकरी तटाच्या आत शहरात येऊन कोंडलेले. डिकायोपोलिस नावाचा एक शेतकरी वैतागून शत्रूशी एकट्यापुरता, स्वतःच्या घरापुरता तह करून टाकतो. तह झाल्यावर पहिलं काम काय? गावाकडचा डायोनिसस देवाचा उत्सव. तो आपल्याच घरच्यांची मिरवणूक काढतो. पुढे टोपली घेतलेली मुलगी, मागे भलंमोठं लिंग खांबासारखं उभं धरलेला गडी, त्याच्या मागे हा स्वतः चावट गाणं म्हणत. बायकोला सांगतो, तू छपरावरून बघ. बस, एवढीच मिरवणूक. पूर्वी हा प्रवेश मी ‘ग्राम्य’ म्हणून ओलांडून जायचो.

मग ॲरिस्टॉटलकडे गेलो. तो तर मी शिकवत होतो! ‘काव्यशास्त्रा’त त्याने साफ लिहून ठेवलं आहे की सुखात्मिका उगवली ती लिंगपूजेच्या गाण्यांचे जे म्होरके असत त्यांच्यातून, आणि ही गाणी आपल्या काळीही बऱ्याच गावांत चालू आहेत. पुढे तो म्हणतो, शोकात्मिका कशी वाढली ते ठाऊक आहे, पण हिचे सुरुवातीचे दिवस कोणाला ठाऊक नाहीत, कारण तेव्हा कोणी तिला गंभीरपणे घेतलंच नाही. सरकारने तिला कोरस, म्हणजे गाणारा-नाचणारा ताफा, दिला तो उशिरा. शहराच्या मोठ्या उत्सवात विनोदी नाटकांची स्पर्धा इ.स.पू. ४८६ पासून धरतात. शोकात्मिका त्याच्या अर्धशतक आधीपासून तिथे मुक्काम ठोकून होत्या. हा परिच्छेद मी कितीदा वाचला असेन. वाचत होतो आणि त्यात नोंद न ठेवणारे जे कोणी आहेत त्यांच्याच रांगेत, हातात गुणपत्रिका घेऊन, बसत होतो.

कारण आपल्याकडे काय वेगळं झालं? तमाशाची बैठक बघा. गण होतो. गवळणीत मावशी आणि पेंद्या वाट अडवतात, दह्यादुधाच्या निमित्ताने काय वाटेल ते बोलतात. मग बतावणी, आणि शेवटी वग. वगाची गोष्ट कोणीतरी रचलेली असते, तिची कधीमधी वही असते. बतावणीची वही नसते. सोंगाड्या ज्या गावच्या जत्रेत उभा असतो त्या गावचा पाटील, तिथला फौजदार, तिथलं पाणी तोंडात घेऊन तो बोलतो, आणि दुसऱ्या गावी ते विसरतो. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेपायी तमाशावर बंदी घातली, मग संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत आली. तपासनीसापुढे वग ठेवता येतो, बतावणी कशी ठेवणार? महाराष्ट्रात आजही व्यावसायिक नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. वाचून मंजूर होतं ते नाटक. आणि प्रयोगात लोक ज्याला हसतात ते पुष्कळदा त्या कागदावर नसतंच.

वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ मी आधी पुस्तकात वाचलं होतं. मूळचा ‘छपरी पलंगाचा वग’, १९६५ मध्ये रंगमंचावर आला. वाचताना मला तो पातळ वाटला होता. त्यातले दादा कोंडके ज्यांनी बघितले त्यांच्याकडून ऐकलं की हवालदाराच्या तोंडी रोजच्या वर्तमानपत्रातली बातमी यायची, प्रत्येक प्रयोगाला नवी, आणि तीच माणसं पुन्हा पुन्हा यायची ती बघायला. गोष्ट त्यांना पाठ होती. गोष्टीसाठी कोण येत होतं! गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० चं. तिथे तर गोष्ट मोडणं हीच गोष्ट आहे: कोकणातल्या गावकऱ्यांनी महाभारताचं नाटक बसवलंय आणि ते काही केल्या नीट होत नाहीये, आणि मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच ते सावरतोय की बुडवतोय ते कळत नाही. हे नाटक मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ‘विस्कळीत’ असं म्हटल्याचं आठवतं. विस्कळीतच आहे ते.

ॲरिस्टोफनीसच्या काळच्या नाटकाचा नेमका मधला भागही असाच मोडलेला असतो. गोष्ट चालू असताना पात्रं निघून जातात, कोरस पुढे येतो, अंगरखे बाजूला ठेवतो आणि थेट प्रेक्षकांशी बोलू लागतो. कवीच्या वतीने. अमका चोर आहे, तमका भेकड आहे, तुम्ही प्रेक्षक मूर्ख आहात, मला बक्षीस द्या. गोष्ट वाट बघत बसते. नाट्यशास्त्राच्या पुस्तकांत याला आदिम अवशेष म्हणतात, आणि मीही तेच शिकवलं. आज मला वाटतं की अवशेष असेल तर तो उरलेला भाग. आधी उत्सवाच्या रात्री नावं घेऊन ओरडणारा माणूस होता. त्याला दोन तास उभं राहायचं झालं म्हणून त्याने भोवती गोष्ट रचून घेतली. हे मी सिद्ध करू शकत नाही. पण आता ते उलट बाजूने शिकवायला माझी जीभ रेटत नाही.

चावटपणाबद्दलही तेच. ‘अकार्नियन्स’मध्ये पुढे मेगाराचा एक माणूस येतो. अथेन्सने त्याच्या गावाला आपली बाजारपेठ बंद केली आहे, गाव उपाशी आहे. तो आपल्या दोन लहान मुलींना विचारतो, विकून घेता की उपाशी मरता? त्या म्हणतात, विक, विक. मग तो त्यांना डुकराच्या पिलांसारखे खूर आणि नाकाडं लावतो, पोत्यात घालतो, ओरडायला शिकवतो आणि डिकायोपोलिसला विकतो. पुढची पानभर जी थट्टा चालते ती इतकी घाण आहे की मी वर्गात कधी वाचली नाही. सौदा ठरतो: एक मुलगी लसणाच्या जुडीवर, दुसरी मापभर मिठावर. लसूण आणि मीठ, दोन्ही एरवी मेगारातच पिकणारी, तिथून बाहेर जाणारी. हे ज्या शहराच्या धोरणामुळे झालं त्याच शहराचे लोक समोर बसून हसत होते, आणि त्यांनी या नाटकाला पहिलं बक्षीस दिलं. ही थट्टा सोवळी करून सांगितली असती तर ते पोतं कोणाच्या लक्षात राहिलं असतं, मला शंका आहे.

इथवर आल्यावर माणूस नव्या मताच्या प्रेमात पडतो. मीही पडलो, वर्षभर तरी. शिव्या म्हणजे लोकशाही, हशा म्हणजे सत्तेला सुरुंग, असलं काहीबाही एका भाषणातही बोलून गेलो. मग हिशेब पाहिला. इ.स.पू. ४२४ मध्ये ॲरिस्टोफनीसने ‘नाइट्स’मध्ये क्लिऑन या पुढाऱ्याला हलकट गुलाम करून रंगमंचावर आणलं. आदल्या वर्षी पायलॉसच्या विजयानंतर क्लिऑनला नाट्यगृहात पुढच्या रांगेत बसायचा मान मिळाला होता. प्रेक्षक पोट धरून हसले, नाटकाला पहिलं बक्षीस दिलं, आणि काही आठवड्यांनी त्याच क्लिऑनला सेनापती म्हणून निवडून दिलं. आमच्या होळीतला पांढऱ्या सदऱ्यातला पुढारी हसत का होता, ते मला हे वाचून जरा जास्त कळलं.

शिवाय ही सूट सगळीकडे, सगळ्यांना नसते. आपल्या नाट्यशास्त्राच्या शेवटी एक कथा आहे: भरताच्या मुलांनी ऋषींची टवाळी करणारी प्रहसनं केली, ऋषी संतापले आणि शाप देऊन त्यांना खालच्या वर्णात ढकललं. अथेन्सने थट्टेला बक्षीस ठेवलं, आपण शाप. आणि हे पुराणातच राहिलं असंही नाही. ४ जून २००८ रोजी ठाण्यात, त्याच गडकरी रंगायतनच्या वाहनतळात बॉम्ब फुटला, सात जण जखमी झाले. तिथे ‘आम्ही पाचपुते’ या विनोदी नाटकाचा प्रयोग होता, आणि त्यात पुराणातल्या पात्रांची थट्टा केली हा राग होता. ज्या रंगमंदिरात मी ‘कथेचा बळी’ वगैरे शेरे मनातल्या मनात लिहीत बसायचो, तिथली गोष्ट.

उलट बाजूही आहे. सोंगाड्याची जीभ पाटलावर चालते तशी, आणि त्याहून जास्त वेळा, नाचणाऱ्या बाईवर चालते. गवळणीतली मावशी पुरुषच असतो. होळीतल्या बोंबांत जी विशेषणं होती त्यांत पुढाऱ्याच्या आईबहिणी होत्या, पुढारी नव्हता. त्या रात्री घोळक्यात बायका मागे, अंधाराच्या बाजूला होत्या; त्या हसल्या का, मी वळून पाहिलं नव्हतं. घरी बायकोला सगळं रंगवून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुझं नाव घेतलं म्हणून तुला गोड लागलं. मी परीक्षक म्हणून आता पदरच्या वाक्याला गुण कापत नाही, पण ते कोणावर आहे हे मात्र बघतो. गेल्या खेपेला एका मुलाने समोरच्या प्रायोजकावर वाक्य टाकलं, त्याला मी भरभरून गुण दिले. त्याच मुलाने नंतर चहा देणाऱ्या पोऱ्यावर टाकलं, तिथे पेन पुन्हा खाली आलं. सहपरीक्षक म्हणाले, हे नियमात कुठे बसतं? कुठेच बसत नाही.

आणि ॲरिस्टोफनीसने तरी माझी बाजू सोडली होती का? ‘क्लाउड्स’ हे सॉक्रेटिसवरचं नाटक त्याने इ.स.पू. ४२३ मध्ये केलं. त्याला स्वतःला ते फार हुशारीचं वाटत होतं. नंबर आला तिसरा, म्हणजे शेवटचा. पहिला आला क्रॅटिनस, ज्याला आदल्याच वर्षी याने ‘दारू पिऊन संपलेला म्हातारा’ म्हणून भर नाटकात हिणवलं होतं. म्हाताऱ्याने उत्तरादाखल स्वतःवरच नाटक लिहिलं: सुखात्मिका ही त्याची लग्नाची बायको, आणि ती तक्रार करतेय की नवरा बाटलीच्या नादी लागलाय. हे ऐकल्यावर मला एकदम ‘एकच प्याला’तला तळीराम आणि त्याचं आर्यमदिरामंडळ आठवलं, फक्त इथे तळीराम आणि नाटककार एकच. पोरसवदा ॲरिस्टोफनीस चिडला. त्याने ‘क्लाउड्स’ पुन्हा लिहायला घेतलं, आणि आपल्या हाती आलेली संहिता ती दुसरी, रुसव्याची. तिच्यात कोरसच्या तोंडून तो प्रेक्षकांना सुनावतो: माझं नाटक बघा कसं शालीन आहे. यात कातडी लिंग लटकवलेलं नाही, काठीने बडवणारा म्हातारा नाही, मशाली घेऊन ‘यू यू’ ओरडत कोणी घुसत नाही. मी लिहिले असते तसेच शेरे.

याच नाटकाचा पहिला शब्द ‘यू यू’ आहे. आणि शेवटी म्हातारा स्ट्रेप्सियाडीस हातात पेटती मशाल घेऊन सॉक्रेटिसच्या शाळेच्या छपरावर चढतो आणि आत माणसं असताना ती पेटवून देतो. चोवीस वर्षांनी खटल्यात उभा असताना सॉक्रेटिसने न्यायाधीशांना या नाटकाची आठवण करून दिली, असं प्लेटोने लिहिलंय. त्या छपराच्या प्रवेशाला मी अजून हसू शकलेलो नाही. बाकीच्या नाटकाला मात्र आता खळखळून हसतो, कातडी असो वा नसो.